जगाया गेली

बोरगावजवळून, ता. सुरगाणा
मार्गशीर्ष

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिथं माणसं तरी किती राहतात गं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि रेंज गेली. इथं रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकूही येत नाही. (येत नाही, बाबा. मान्य करा.) म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

आधी गाव कुठं आहे ते. वणीपर्यंतचा रस्ता तुम्हाला पाठच आहे. सप्तशृंगी गडाला हात जोडून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागलं, की कडेला स्ट्रॉबेरी घेऊन बसलेल्या बायका दिसतात. तिथं बोरगाव आलं असं समजायचं आणि आत वळायचं. पुढं रस्ता डोंगराच्या कलानं जातो.

या डोंगररांगेवर पाणी बाजू बदलतं. वणी-दिंडोरीकडं पडलेला पाऊस कादवा नदीत जातो. करंजवण, पालखेड ही धरणं करत तो निफाडला आपल्या शिवाराला येतो आणि नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत मिसळतो. आमच्या अंगणातला नार-पार नद्यांमधून गुजरातेत उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. तुम्ही पालखेडच्या कालव्याला पाणी कधी सुटतंय याकडं डोळे लावून बसता. इथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आपल्याकडच्या तिप्पट-चौपट, तरी मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन झऱ्यावर बसतात. खाली काळा पाषाण, वर वीतभर माती. पाणी मुरायला जागाच नाही, आलं तसं उतारावरून निघून जातं. पिकं म्हणाल तर खाचरात भात, उतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी. सगळं पावसाच्या भरवशावर, एकदाच.

आता माणसं. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्हा 61 लाखांचा होता. त्यात सुरगाणा पावणेदोन लाखांचा आणि पेठ एक लाख वीस हजारांच्या आत. दोन्ही मिळून तीन लाखसुद्धा नाहीत, आणि आपला निफाड एकटाच पाच लाखांच्या घरात! इथल्या शंभरातली पंचाण्णवहून जास्त माणसं आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली. वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाताना एक ओढा नाहीतर एक चढ ठरलेला.

पण बाबा, या आकड्यावर माझा फार विश्वास राहिलेला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा माझ्या वर्गात एकेचाळीसपैकी सव्वीस आले. बाकीच्यांना शोधायला पाड्यावर गेले. कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली घरं. पाच-सहा दारांना कुलूप नव्हतं, नुसती सुतळीची गाठ मारलेली. ओसरीवर एक म्हातारी उडीद निवडत होती. म्हटलं, "आजी, ही सगळी कुठं गेली?" ती म्हणाली, "जगाया गेली." मरायला कुणी टेकलंय असं मला क्षणभर वाटलं. इथं कामासाठी घर सोडण्याला हाच शब्द आहे. कुठं गेली विचारलं तर तिनं कुडाकडं बोट केलं. कोळशानं एक मोबाईल नंबर लिहिला होता, त्यातला एक आकडा सारवताना निम्मा पुसलेला. तो तीन की आठ हे ठरवत टेकाडावर जाऊन फोन लावला, तर पलीकडून आपले मळ्यातले अण्णा! "कोण बोलतंय? द्राक्षाचे मणी विरळायला आणखी माणसं हवीत, आहेत का?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. दरवर्षी छाटणीला आपल्याकडं टोळी यायची. मी बारावीपर्यंत चहाची किटली घेऊन बागेत जायचे. मुकादमाचं नाव ठाऊक होतं, मजुरीची उचल आगाऊ किती दिली तेही कानावर यायचं. पण त्यातल्या एकालाही मी कधी "तुमचं गाव कुठलं" असं विचारलं नाही. तुम्हीही नाही.

2011 ची मोजणी फेब्रुवारीत झाली होती. पुढची, 2027 ची, तीही फेब्रुवारीतच. म्हणजे ऐन द्राक्षतोडणीत. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा असा नियम आहे. तेव्हा आमच्या पाड्यावरची किती माणसं अण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये निफाडची म्हणून लागली असतील, आणि किती कुठंच लागली नसतील, देव जाणे. तुम्ही विचारलंत माणसं किती. जूनमध्ये विचाराल तर एक उत्तर आणि आत्ता दुसरं.

आई, नागलीचं पीठ पाठवतेय. गरम पाण्यात उकड काढून मळ, नाहीतर भाकरी थापताना तुटेल. बाबांची साखर तपासून घे, ते "बरी आहे" म्हणतील त्यावर जाऊ नकोस.

बाबा, पाकिटात एक शिक्षण हमी कार्ड आहे, ते हरवू नका. अण्णांच्या शेडमध्ये माझा तिसरीतला एक पोरगा असेल, उजव्या भुवईवर खूण आहे. हे कार्ड दाखवलं की दाखल्याशिवाय त्याला तिथल्या शाळेत बसवून घेतात. त्याचे आई-बाप उजाडताच बागेत जाणार, शाळेत न्यायला कुणी नाही. तुम्ही सकाळी दूध घालायला एम-ऐंशीवर तिकडूनच जाता. मागं बसवून सोडाल का? घट्ट धरून बसायला सांगा. तेराचा पाढा त्याला येतो, चौदा सत्ते म्हटलं की अडतो. जाता जाता तेवढं विचारत जा.

तुमची,
बेबी