स्तंभाचा बिल्ला खरा, खंजिराचाही खरा

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात एका स्टॉलवर महार रेजिमेंटचे पितळी बिल्ले विकायला होते. तिरप्या फुलीत दोन मशीनगन आणि मधोमध भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. शेजारचा कॉलेजातला मुलगा विक्रेत्याला सुनावत होता, "दादा, हे डुप्लिकेट आहे. मोबाइलवर बघा, मध्ये खंजीर असतो." बिचाऱ्याने बिल्ले उलटे करून ठेवले. मी मध्ये पडलो, पण त्या रेट्यात सगळं बोलणं कुठलं व्हायला! म्हणून हे पत्र.

तो बिल्ला डुप्लिकेट नव्हता, जुना होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांच्या पिढीनंतर महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. काम सरो, वैद्य मरो! दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवर जो स्तंभ आला तो कंपनी सरकार आणि पेशव्यांच्या फौजेत १ जानेवारी १८१८ ला झालेल्या लढाईचा. त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी 'नाक' असलेली नावं आहेत, आणि ती आपल्या माणसांची आहेत.

गंमत अशी की कोरेगावच्या लढाईचा लष्करी मान (बॅटल ऑनर) आज ग्रेनेडियर्स या दुसऱ्याच रेजिमेंटकडे आहे, कारण तिथे लढलेली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण पुढे त्यांच्यात आली. मान एका रेजिमेंटच्या नावावर आणि स्तंभ दुसऱ्या रेजिमेंटच्या कपाळावर, असा हा हिशेब.

१९४६ मध्ये महार रेजिमेंट ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स गन आल्या. नळीभोवती पाण्याचं आवरण असलेली, तिवईवर ठेवून चालवायची ही अवजड गन. ती एकट्यादुकट्याचं काम नव्हे, एकाने गोळ्यांचा पट्टा धरायचा, दुसऱ्याने ट्रिगर. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. पुढे रेजिमेंट नेहमीचं पायदळ झालं, व्हिकर्स सैन्यातूनच निवृत्त झाली, पण बिल्ल्यावरून हलली नाही. कंपनी सरकारने उभारलेला विजयस्तंभ स्वतंत्र देशाच्या सैनिकाच्या टोपीवर नको, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात मला वावगं दिसत नाही. पण तो तिथे होता हेच आपल्या पोरांना ठाऊक नसावं, हे मात्र मला खटकतं.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटमध्ये भरती झाले होते. नायगावच्या चाळीतली खोली रिकामी करताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत बिल्ला सापडला. ब्रासोने घासून घासून स्तंभाच्या कडा गुळगुळीत झालेल्या. आजी सांगायची, ते तो बिल्ला भिंतीवर लावू देत नसत. "तो टोपीचा आहे, भिंतीचा नाही," म्हणायचे.

खंजिराच्या बिल्ल्याचीही एक मुंबईची आठवण आहे. शीवच्या एसआयईएस कॉलेजात शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महारचे, म्हणजे रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि तिथेच प्राण सोडला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेला हा मुंबईचा तमिळ मुलगा. या रेजिमेंटमध्ये आज कितीतरी समाजांचे जवान आहेत, हे नावावरून अंदाज बांधणाऱ्यांच्या गावीही नसतं.

दर १ जानेवारीला आपल्या पहिल्या पानावर स्तंभाचा फोटो असतो, बाजूला बंदोबस्ताची बातमी. बाबासाहेब १९२७ साली त्याच दिवशी तिथे गेले होते, तेही कधीमधी छापून येतं. यंदा त्याच पानावर एक कोपरा द्या आणि दोन्ही बिल्ल्यांची चित्रं शेजारी शेजारी, साल घालून छापा. जुना बिल्ला हवा असेल तर माझ्याकडचा फोटो काढायला देईन. पुन्हा घासून मात्र देणार नाही.

आपला,
एका महार पलटणवाल्याचा नातू,
नायगाव, मुंबई