पंचांचा शर्ट काळा, टीमचाही काळाच!

मा. संपादक, स.न.वि.वि.

कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावातसुद्धा हौशी मॅचला दोन्ही टीम निळ्या जर्सीत उतरतात किंवा एक टीम पंचांसारखीच काळ्यात, आणि मग मैदानातच वादावादी, कोण बदलणार म्हणून अर्धा तास जातो. फुटबॉलचा ४ नंबरचा नियम सांगतो की दोन्ही टीम, पंच, गोलकीपर सगळ्यांचे रंग वेगळे ओळखू यायला पाहिजेत, पण जर्सी कुणी बदलायची ते स्पर्धेच्या नियमात लिहावं लागतं आणि तिथंच आयोजक गप्प बसतात! दोन्ही गोलकीपरचे शर्ट सारखे निघाले आणि दुसरे नसलेच तर मॅच खेळवता येते, एवढी सूट मात्र नियमातच आहे.

अहो १९७८ च्या वर्ल्डकपला फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढऱ्यात आले, शेवटी फ्रान्सनं तिथल्या लोकल क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून घेतल्या. आपल्या पोरांना दुसरा किट परवडत नाही हे मान्य, पण आयोजकांनी बिब्सचा (जर्सीवरून घालायच्या रंगीत बिनबाह्यांच्या बंड्यांचा) एक सेट ठेवायला काय हरकत आहे, आणि पंचांनीही काळ्यासोबत पिवळा शर्ट बॅगेत टाकावा, रंग आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर विचारून घ्यावेत.

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर