लेकसाईड हे पॅकेजचं नाव आहे, जागेचं नाही : भंडारदऱ्याच्या कॅम्पबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि बुकिंग विभाग

विषय : भंडारदरा 'लेकसाईड काजवा स्पेशल' पॅकेजमध्ये झालेली फसवणूक आणि १२,५०० रुपयांचा परतावा

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझं बोलणं अर्धवट असताना तुमच्या माणसाने फोन ठेवला. हा माझा चौथा फोन होता. पाचवा करणार नाही. आता जे काही असेल ते लेखी.

पॅकेजमध्ये काय आहे ते तुम्हीच लिहिलेलं असल्यामुळे सगळं उतरवून काढत नाही. मे महिन्याचा शेवटचा शनिवार, पाच माणसं, ए लाइनमधले दोन तंबू. माणशी १,९०० प्रमाणे ९,५०० आणि ए लाइनसाठी तंबूमागे १,५०० जास्तीचे, म्हणजे ३,०००. एकूण १२,५०० रुपये, सगळे आगाऊ भरलेले. ए लाइन म्हणजे 'तंबूच्या दारातून तलाव'. हे शब्द तुमचे आहेत. तिसऱ्या फोटोत तंबू, पुढे दोन खुर्च्या, पुढे पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगर आहे. तो फोटो पाहून मी पैसे भरले.

हे बुकिंग मी माझ्या वडिलांसाठी केलं होतं, आणि बुकिंगच्या वेळी तसं फोनवर सांगितलंही होतं. नाना एकोणऐंशी वर्षांचे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार चालवत नाही. ते पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते आणि त्यांची सहा वर्षं धरणाजवळच्या शेंडी गावातल्या वसाहतीत गेली. माझं लहानपणही तिथलंच. विल्सन डॅम, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पुरं झालं, धरणात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं, कारण घरात रोज तेच आकडे ऐकू यायचे. पावसाच्या तोंडावर नाना मला खांद्यावर बसवून सादड्याच्या झाडाखाली न्यायचे. काजव्यांनी अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. ते त्यांना पुन्हा एकदा बघायचं होतं, आणि सकाळी उठल्यावर समोर पाणी हवं होतं. याहून जास्त काही नाही. बुकिंग घेणाऱ्या मुलीने "काका गाडीतून उतरले की समोर तलावच" असं सांगितलं, म्हणून मी वरचे ३,००० भरले.

आम्ही नाशिकहून घोटी, बारी करत निघालो. तुमच्या माणसाने पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. शेंडी अजून यायचं होतं. रस्त्यावरून आत एक सपाट केलेलं शेत, त्यात चाळीसेक तंबू दाटीवाटीने ठोकलेले, मधोमध पत्र्याचं स्टेज. तीन बाजूंना टेकाड आणि चौथ्या बाजूला मुरुमाचा ढीग. नाना गाडीतून उतरले, काठी टेकून सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "अगं, पाणी कुठल्या अंगाला आहे?" मी उत्तर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीच्या मीटरवर मोजलं. तुमच्या 'लेकसाईड' तंबूपासून तलावाचं पाणी पहिल्यांदा दिसतं तिथपर्यंत ३.४ किलोमीटर. तंबूच्या दारातून म्हणाल तर समोर बी लाइनच्या तंबूंची पाठ दिसत होती.

मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तुमच्याकडून मला सांगण्यात आलं की उन्हाळ्यात पाणी ओसरतं, त्यामुळे तलाव लांब वाटतो. हे उत्तर ज्याने तयार केलं त्याला कृपया सांगा की पुढच्या वेळी मोजणीदाराच्या मुलीला हे सांगू नये. मे अखेरीस भंडारदऱ्याचं पाणी तळाला जातं हे तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. प्रवरेच्या कालव्यांना आवर्तनं सुटतात, काठाचा गाळ उघडा पडतो, पाणी शंभर-दोनशे पावलं मागे जातं. ते टेकडी चढून पलीकडे जात नाही. तुमचं शेत तलावाच्या खोऱ्यातच नाही. धरण काठोकाठ भरलं तरी तुमच्या ए लाइनमधून थेंबभर पाणी दिसणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत अंब्रेला फॉलही होता. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलेलं असेल तरच तो धबधबा असतो, नाहीतर तिथे कोरडा कातळ. नानांनी तो कागद वाचूनच हे सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांना म्हटलं, कंपनी आहे, विचार करूनच लिहिलं असेल. तसंच 'अभयारण्य प्रवेश शुल्क समाविष्ट'. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तुमचा कॅम्प नाहीच. रविवारी सकाळी आम्ही स्वतः तलावाकडे गेलो तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर शुल्क आम्हीच भरलं. तुम्ही घेतलेलं शुल्क कोणाला दिलं ते लेखी कळवा. पावती असेल तर ती जोडा.

आता रात्रीचं. जेवणाबद्दल मी काही लिहीत नाही. भाकरी चांगली होती आणि ती करणाऱ्या बाईंचा यात दोष नाही. पण साडेसातला स्टेजवर डीजे सुरू झाला. चार मोठे स्पीकर, आणि लाल, हिरवे, जांभळे, फिरते दिवे. ते दिवे कुठे पडत होते ते तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का? शेताच्या कडेला सादड्याची सहा-सात मोठी झाडं आहेत. तुमच्या पॅकेजमधलं 'काजव्यांचं झाड' ते हेच. त्या झाडांवर तुम्ही रात्रभर दिवे फिरवलेत. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिने जायच्या आधी काजव्यांवर वाचलं होतं. नर चमकून बोलावतो, खालच्या झाडीतली मादी चमकून उत्तर देते, आणि बाहेरचा उजेड आला की दोघांनाही एकमेकांचं दिसत नाही. पंख फुटल्यावर त्यांच्या हातात मोजकेच आठवडे असतात. त्या आठवड्यांतल्या शनिवारी तुम्ही हे करता, काजव्यांच्या नावाने पैसे घेऊन. मुलगी स्टेजजवळच्या माणसाला म्हणाली, "दादा, दिवे तरी बंद करा ना." तो म्हणाला, "बाळा, लोक एंजॉय करतायत." दहानंतर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. तुमचा डीजे एक वाजून वीस मिनिटांनी थांबला, तोही जनरेटर बंद पडला म्हणून.

शौचालय तंबूंपासून बांध ओलांडून पलीकडे. तिथे एकही दिवा नव्हता. जिथे अंधार हवा तिथे लखलखाट, आणि म्हाताऱ्या माणसाला जिथे पाऊल टाकायचं तिथे काळोख. साडेदहाच्या सुमारास नाना तंबूच्या तणाव्यात पाय अडकून पडले. ऑपरेशन झालेल्याच गुडघ्यावर. तळहात सोलवटले. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर ती मुंबईच्या ऑफिसातून यायची आहे असं सांगण्यात आलं. तिथे काम करणाऱ्या गावातल्या एका पोराने चुलीजवळून हळद आणली, नानांचा हात धुतला, त्यांना खुर्ची दिली आणि जवळ बसून राहिला. तोच म्हणाला की दर शनिवारी लोक आल्या आल्या तलाव कुठे विचारतात आणि शिव्या त्यालाच खाव्या लागतात. या पत्रामुळे त्या पोराला कामावरून काढलंत तर माझ्याशी गाठ आहे. तुमच्या संपूर्ण कंपनीत माणसासारखा वागलेला तो एकटा.

जनरेटर बंद पडल्यानंतर अर्ध्या तासाने कुंपणाच्या झुडपात चार-पाच काजवे चमकले. तेवढेच. मी नानांना उठवायला गेले, पण ते वेदनाशामक गोळी घेऊन झोपले होते. उठवलं नाही.

यानंतरचे चार फोन. पहिले तीन सोडून देते. एकात तक्रारीचं तिकीट उघडलं, एकात पाणी ओसरल्याचं सांगितलं, एकात बारा मिनिटं गाणं ऐकवलं. चौथा मात्र मी शब्दन् शब्द लिहून ठेवलाय, कारण फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

तुमच्या 'सिनियर' गृहस्थांना मी सांगितलं की लेकसाईडचे पैसे घेतलेत आणि तंबू तलावापासून ३.४ किलोमीटरवर होता. ते म्हणाले, "मॅम, लेकसाईड हे पॅकेजचं नाव आहे, लोकेशनचं नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं. "लेक-साईड हे, मॅम, पॅकेजचं, नाव आहे. आता आमचं रॉयल पॅकेज आहे, त्यात राजा येतो का?" मागे कोणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात ना? मग तो काढा आणि स्वतः ऐका.

मी विचारलं, मग फोटोत तलाव कशाला आहे? "तो रेफरन्स फोटो आहे." मी विचारलं, तंबूमागे दीड हजार जास्त कशाचे? "ए लाइनचे." ए लाइनमध्ये वेगळं काय आहे? यावर ते थोडं थांबले आणि म्हणाले, "ती पहिली लाइन आहे." मी म्हटलं, माझ्या वडिलांना तलाव बघायचा होता, ते पडले, त्यांना लागलं. त्यावर तुमचे सिनियर म्हणाले, "काकांना तलावच बघायचा होता तर त्यांना डायरेक्ट डॅमवर न्यायचं ना, आमच्याकडे कशाला आणलं?" आणि मी काही बोलायच्या आत, "आणि मॅम, काजव्यांची गॅरंटी तर कोणीच देत नाही."

काजव्यांची हमी मी मागितलीच नव्हती. अंधाराची मागितली होती. तो तुमच्या हातात होता, एक बटण दाबण्याइतका. मी एवढं सांगत असतानाच फोन ठेवला गेला.

'आमच्याकडे कशाला आणलं' या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्या तिसऱ्या फोटोवर विश्वास ठेवला म्हणून आणलं. चार वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याच कंपनीतर्फे पवनेच्या काठी राहिलो होतो. तेव्हा दहा तंबू होते, पाणी खरोखर समोर होतं आणि दहा वाजता तुमच्या माणसाने स्वतः फिरून सगळ्यांना आवाज कमी करायला सांगितलं होतं. त्यानंतर मी माझ्या ऑफिसातल्या तीन कुटुंबांना तुमचं नाव सुचवलं. आता त्यांनाही मीच सांगणार आहे, आणि ते सांगताना मला वाईट वाटणार आहे.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. पूर्ण १२,५०० रुपये परत. तुम्ही एसएमएसने पाठवलेलं पुढच्या सहलीवरचं वीस टक्के सवलतीचं कूपन नको. तो फोटो आणि 'तंबूच्या दारातून तलाव' हे शब्द पानावरून काढा. काजव्यांच्या हंगामात स्टेज, स्पीकर आणि रंगीत दिवे बंद ठेवा, किंवा काजव्यांचं नाव काढून पार्टीचं पॅकेज म्हणून विका आणि ते सादड्यांपासून लांब न्या. शौचालयाच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवे आणि कॅम्पवर प्रथमोपचाराची पेटी ठेवा. आणि माझ्या वडिलांची लेखी माफी मागा, सिनियर गृहस्थांच्या सहीने.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क पडत नाही, त्यामुळे खर्चाला भिऊन मी गप्प बसेन असं समजू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार आजच नोंदवली आहे. तुमच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट, गाडीच्या मीटरचे फोटो, रात्री बारा वाजताचा डीजेचा व्हिडिओ आणि नाक्यावरची पावती माझ्याकडे आहे. हे पत्र मी तुमचं नाव न घालता इंटरनेटवरही टाकते आहे. सोळाव्या दिवशी नाव घालेन.

रविवारी सकाळी आम्ही नानांना धरणापाशी नेलं. गुडघा सुजला होता म्हणून ते गाडीतच बसले, दार उघडं ठेवून. पाणी खूप खाली गेलेलं होतं. त्यांनी नातवाला जुनी वसाहत कुठे होती ते बोटाने दाखवलं. परतताना मला म्हणाले, "पुढच्या वर्षी आपलं आपण येऊ." पुढच्या वर्षी ते ऐंशी वर्षांचे असतील. हा शनिवार तुम्ही मला परत देऊ शकत नाही, म्हणून पैसे मागते आहे.

फोन करू नका. लेखी कळवा.

तुमची ग्राहक,
नाशिक

ता. क. : पाठवण्याआधी तुमचं पान पुन्हा उघडून पाहिलं. तिसरा फोटो अजून तिथेच आहे. त्याच्याखाली लाल अक्षरांत 'या शनिवारसाठी फक्त ३ लेकसाईड तंबू शिल्लक' असं लिहिलंय.