तुझ्या रूममेटच्या प्रश्नाबद्दल

सोलापूर

प्रिय रूथ,

सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "रूममेट म्हणते तुम्ही ख्रिस्ती लोक सेवा करता ती धर्म वाढवायलाच ना? मी काय सांगू तिला?" मी ड्यूटीला निघाले होते, रिक्षा दारात उभी. म्हणून आता सावकाश लिहिते.

तिच्यावर चिडू नकोस. प्रश्न जुना आहे आणि तो विचारण्यात काही वावगं नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. त्याआधी, १८८९ साली, बाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांना शिकवायचं, धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, अशी बोली होती. पुढे सदन पुण्यात आलं. काही मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊन बसायला लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेच्या वेळी बाई स्वतःच्या खोलीचं दार लावायला तयार नव्हत्या. मला त्यांचं पटतं. पण ज्या मुलीला जायला दुसरं घरच नाही, तिच्यावर नुसत्या उघड्या दाराचाही भार पडतो, हेही मला खरं वाटतं. नर्स म्हणून इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर तर जास्तच.

कारण कॉटवर पडलेला माणूस "नको" म्हणू शकत नाही गं. सलाईन तुझ्या हातात, बेडपॅन तुझ्या हातात. तू काहीही बोललीस तरी तो मान हलवणारच. म्हणून पेशंटजवळ मी देवाचा विषय स्वतःहून काढत नाही. कुणी विचारलं तर लपवतही नाही. आपला विश्वास सांगायचा हक्क घटनेनं दिलाय, पण तो कुठं वापरायचा हे आपल्याला कळायला हवं. आपल्या मंडळीतल्या काहींना हे मिळमिळीत वाटतं. वाटू दे.

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एक बाई मागच्या वर्षी आमच्याकडे टीबीच्या होत्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, मला अक्का म्हणायच्या. सगळा जन्म मांडीवर सूप घेऊन गेलेला. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, हजाराचा हिशेब. डावा अंगठा बघितला तर नखाच्या कडेला दोऱ्यानं खाचच पडलेली. साध्या टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, की गोळ्या सुटतात. मग तोच आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. गोळ्या सरकार फुकट देतं, पोषणाचे पैसेही देतं, आधी महिना ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० केलेत. कमी पडतं ते दारात जाऊन "आजची घेतली का?" विचारणारं माणूस. मी सुटीच्या दिवशी जायचे. पहिल्यांदा सून म्हणाली, "चर्चवाल्या आल्या." तिसऱ्या खेपेला तिनं चहा टाकला. आता बाईंचा कोर्स पूर्ण झालाय. त्या अजून मंगळवारी मार्कंडेयाच्या देवळात जातात, आणि मला त्यात काहीही चुकल्यासारखं वाटत नाही.

बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायातली शोमरोनी माणसाची गोष्ट तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. यरीहोच्या वाटेवर मार खाऊन पडलेला माणूस, याजक बगल देऊन गेला, मंदिरातला सेवक लेवीही गेला, थांबला तो शोमरोनी. आपण नेहमी तेल, द्राक्षारस आणि जखमा बांधण्यापाशी थांबतो. मला त्याचा दुसरा दिवस महत्त्वाचा वाटतो. तो खाणावळवाल्याला दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगतो की जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. परत येईन! यहूदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नव्हते. भक्ती यरुशलेमात करायची की शोमरोन्यांच्या डोंगरावर, यावरून त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. तरी त्यानं शुद्धीवर आलेल्याला "तू कुठं भक्ती करतोस" असं विचारल्याचं कुठं लिहिलेलं नाही. आणि प्रभूनं गोष्टीतला भला माणूस निवडला तो ऐकणाऱ्यांच्या धर्मातला नव्हे, ज्यांच्याशी त्यांचं पटत नव्हतं त्यांच्यातला. ज्याच्या प्रश्नावर प्रभूनं ही गोष्ट सांगितली त्या शास्त्र्याच्या तोंडून तर शेवटी "शोमरोनी" हा शब्दही निघाला नाही, "ज्यानं दया केली तो" म्हणाला.

आपल्याकडंही अशी माणसं आहेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वज निघतात तेव्हा पप्पा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहतात, ते कुणाला खटकतं ते तुला माहीतच आहे. पण ज्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, त्यांचा मान राखल्यानं आपला विश्वास पातळ होत नाही. शेजारच्या काकूंकडं जेवायला बसलीस तर बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिलेलं लक्षात ठेव: पुढ्यात येईल ते खा, खोदून चौकशा करू नको. नाताळच्या करंज्या त्या आपल्याकडच्या खातात तेव्हा त्या तरी कुठं विचारतात?

तर रूममेटला लांबलचक उत्तर देऊ नकोस. इतकंच सांग की काहींनी तसं केलंही असेल, माझी आई तसं करत नाही. मग विषय सोड आणि तिला ताप आला तर रात्री पाणी दे.

आणि मेसच्या मावशींना मोतीबिंदूसाठी तू ५०० रुपये दिलेस, ते छान केलंस. ऑपरेशन झालं का? त्यानंतर बरेच दिवस डोळ्यांत ड्रॉप्स घालावे लागतात, स्वतःच्या हातानं नीट पडत नाहीत. कोण घालतं ते विचार. कुणी नसेल तर सकाळचा एक वेळ तू घे, तुझं ऑफिस दहाचं आहे. आधी हात साबणानं धू, बाटलीचं टोक पापणीला लावू नको.

शेंगाची चटणी कुरिअर केलीय, अर्धी मावशींना दे. रविवारी फोन उपासनेनंतरच कर.

तुझी,
मम्मी