आधी आग्रह, मग टोमणा

संपादक साहेब, दिवाळी आली की घरोघरी तेच, आधी मावशी-आत्या तिसरी करंजी ताटात ढकलणार, नको म्हटलं तर 'आमच्या हातचं आवडत नाही का', आणि खाल्ली की लगेच 'जाड झालीयेस हं, लग्नाचं बघायचंय ना', मग त्या पोरीने करायचं काय? मुलग्यांना मात्र 'खा रे, अंगाला लागू दे'! पान स्वच्छ करायची सक्ती तर लहानपणापासूनच, पोट भरलंय हे पोराला कळतं पण त्याला विचारतंय कोण. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा साधा नियम आहे, काय आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते पोराने. वजनाची खरंच काळजी असेल तर डॉक्टरकडे न्या ना, चारचौघात कशाला काढता?

– एक वाचक, पुणे