माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

पावसाळा आला की सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्व भागातील माळांवर वृक्षलागवडीचे खड्डे दिसू लागतात. हेतू चांगला, जागा चुकीची. माळावरच्या मारवेल, पवना या गवतांना भरपूर ऊन लागते. दाट सावली पडली की ती विरळ होतात. त्यात गिरिपुष्प लावले तर आणखी पंचाईत, कारण त्याचा पाला गुरे सहसा खात नाहीत. चारा गेला आणि झाड फक्त फोटोपुरते!

गवताबरोबर नाकतोडे कमी होतात. हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी नाकतोड्यांवर जगतात, रात्री उघड्या गवतात जमिनीवरच बसतात. त्यांनी माळ सोडला की शेजारच्या शेतातील किडीवरचा फुकटचा पहाराही उठतो. धाविक, चंडोल हे माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. नव्या झाडांवर बसणाऱ्या कावळ्यांना ती आयती सापडतात.

अतिचराईही तितकीच घातक. गुरे आधी गोड गवत संपवतात, मग उरते कुसळी. फुलोऱ्यानंतर तिची कुसळे मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत घुसतात, म्हणून तिला कोणी तोंड लावत नाही आणि तीच पसरते.

उपाय स्वस्त आहे. ग्रामपंचायतीने माळाचे तीन-चार भाग करावेत. दरवर्षी एक भाग जूनपासून बी गळेपर्यंत राखावा, नंतर चार बोटे बुडखा ठेवून कापणी करावी. खड्डे गावठाणात, ओढ्याकाठी, बांधावर खुशाल घ्यावेत.

– एक वाचक, सोलापूर