केसपेपरच्या पाठीमागचा जंतू: एका डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

माझी आठ वर्षांची लेक आता ठणठणीत आहे. तरी हे लिहायला बसले आणि घसा दाटून आला.

तुमच्याकडे येण्याआधी तीन आठवडे ती रात्र रात्र खोकत होती. आधीच्या डॉक्टरांनी दोनदा अमॉक्सिसिलिन दिलं. तिसऱ्यांदा गेलो तर मान वर न करताच म्हणाले, "आई जरा जास्तच काळजी करते." ते वाक्य अजून सलतं.

तुम्ही मायकोप्लाझ्मा न्यूमोनिआ हा जंतू ओळखलात, औषध बदललंत. त्याचे उपकार आहेतच. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलीत ती त्यानंतरची दोन मिनिटं. तिनं विचारलं, "तो जंतू माझ्या छातीत चालतो कसा? त्याला पाय असतात?" बाहेर पेशंट ताटकळत होते. तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढलीत, केसपेपर उलटा केलात आणि बारीक टोकाचा एक लांबट जंतू काढलात. "शेपटी नाही. या टोकानं धरतो आणि टोकाच्याच दिशेनं सरकतो." मग स्वतःचं बोट न उचलता तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत सरकवलंत. ती खुदकन हसली, कितीतरी दिवसांनी. मला म्हणालात, "आधीचं औषध जंतूला भिंत बांधू देत नाही. याला भिंतच नसते."

आठ वर्षांच्या पोरीलाही आपल्या छातीत काय चाललंय ते कळायला हवं, असं मानणारी माणसं अजून आहेत, डॉक्टर. तिला घाबरवलं नाहीत, उडवूनही लावलं नाहीत.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळेल ते वाचतोय. श्वासनलिकेतल्या पेशींवर सायलिक आम्ल असलेल्या शर्करेच्या साखळ्या असतात, त्यांना तो चिकटतो. सरकतो इतका हळू, की तासभर न थांबता गेला तरी तांदळाच्या दाण्याएवढं अंतर कापणार नाही. त्याचा एक भाऊबंद, मायकोप्लाझ्मा मोबिले, माशाच्या कल्ल्यांत सापडला. तो मात्र सेकंदाला 2 ते 4.5 मायक्रोमीटर पळतो. ओसाकाच्या माकोतो मियाता यांच्या गटानं त्याच्या अंगावरचं एक प्रथिन शोधलं. एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या इंधनाच्या, जोरावर ते शर्करा धरतं, ओढतं, सोडतं. त्याला शास्त्रज्ञ चक्क 'पाय' म्हणतात.

हे वाचून लेक उड्या मारत आली. तुमचा केसपेपर तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. म्हणाली, "डॉक्टरकाकांना कळव, माशातल्याला पाय असतात."

म्हणून कळवतेय.

आपली ऋणी,
त्या खोकणाऱ्या मुलीची आई